ऑटोइम्यून एन्सेफलायटिस: खरंच दुर्मिळ, की ओळखलाच जात नाही?

चाफा: रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटते, मेंदूला सूज येते, तो हा आजार. ‘लाखात एखाद्याला होतो’ म्हणून विषय संपवतात, ते मला पटत नाही. अमेरिकेतल्या ऑल्मस्टेड काउंटीत मोजदाद झाली, २०१८ साली छापून आली: दर लाखात १३.७ जण ऑटोइम्यून एन्सेफलायटिसचे, ११.६ जंतुसंसर्गाच्या एन्सेफलायटिसचे. म्हणजे संसर्गाइतकाच आढळतो. माझ्या मावसबहिणीला ऐन विशीत झाला. झोप उडाली, मग संशय, भलतंसलतं बोलणं. अंगारे-धुपारे झाले, मनोविकाराच्या गोळ्या झाल्या. शेवटी डोळे उघडे, जबडा सतत चघळल्यासारखा हलतोय आणि हाकेला ओ नाही. तेव्हा कुठे पाठीतलं पाणी तपासलं. एनएमडीए अँटीबॉडी, म्हणजे मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर हल्ला करणारी प्रथिनं निघाली, अंडाशयात गाठही.

बोरू: वाचून वाईट वाटलं. पण आकडा ताणू नका. त्या काउंटीची वस्ती दीड लाखाच्या आसपास, म्हणजे रुग्ण वीसेक. दोन आकड्यांतला फरक संख्याशास्त्रात टिकत नाही. त्यात सगळे प्रकार धरलेत. एकट्या एनएमडीएचे लाखात ०.६. शिवाय मेयो क्लिनिकसारखं नावाजलेलं इस्पितळ तिथेच, दारात, निदान सहज होतं. आपल्याकडे जपानी मेंदूज्वर, स्क्रब टायफस, टीबी. इथे जंतूंचंच पारडं जड.

चाफा: फरक टिकत नाही, मान्य. पण त्याच पाहणीत १९९५ ते २००५ मध्ये नवे रुग्ण वर्षाला लाखात ०.४, पुढच्या दशकात १.२. आजार काही तिप्पट झाला नाही. २००७ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ डालमाऊ यांच्या गटाने एनएमडीए अँटीबॉडी दाखवून दिल्या, चाचण्या आल्या, रुग्ण दिसू लागले. जिथे चाचणीच होत नाही, तिथे आकडा शून्यच येणार ना?

पाणंद: दोघंही तरुण मुलींवरच अडलात. एलजीआय-१ या मेंदूतल्या प्रथिनावर अँटीबॉडी उलटतात, तो प्रकार साठीच्या आसपास आणि पुढे दिसतो, पुरुषांत जास्त. एका बाजूचा चेहरा आणि हात क्षणभर आवळतो, दिवसातून कितीतरी वेळा. सोडियम उतरतं. घरचे म्हणतात, वय झालं, विसरतात. अशांची नोंद डिमेन्शियात होते. मग मोजणार कोण?

बोरू: म्हणून दिसेल त्याची चाचणी करायची? असाच संशय-भ्रम असणारा स्किझोफ्रेनिया जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सव्वादोनशे प्रौढांत एकाला. हा आजार त्यापुढे फारच विरळ, आणि विरळ आजारात खोटे पॉझिटिव्ह डोईजड होतात. नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर भलत्याच माणसाला स्टिरॉइड सुरू होतील.

चाफा: सरसकट कोण म्हणतंय? काही दिवसांत माणूस पार बदलला आणि जोडीला फिट, बोलणं बंद, अंग ताठ, तर पाठीतलं पाणी तपासा, एवढंच. एनएमडीएच्या ५७७ रुग्णांचा २०१३ चा अभ्यास आहे. उपचार झालेल्यांत दोन वर्षांत दहातले आठ जण चांगले सावरले, आणि लवकर सुरुवात झालेले जास्त.

बोरू: याला माझी हरकत नाहीच. फक्त ‘संसर्गाइतकाच आढळतो’ हे वाक्य इथल्या रुग्णांची मोजदाद झाल्याशिवाय महाराष्ट्राला लावू नका.