फौजेतून घरी परतलेला माणूस आणि मोकळ्या हवेतले तास : तुमचे अनुभव लिहा

बाबा रिटायर होऊन कायमचे घरी आले तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि खरं सांगायचं तर आम्ही एकमेकांना नीट ओळखतच नव्हतो. इतकी वर्षं फोनवर "अभ्यास कसा चाललाय" एवढंच. घरात समोरासमोर बसलं की दोघांचीही पंचाईत. मग ते पहाटे टेकडीवर जायला लागले आणि एकदा म्हणाले, येतेस का. पहिले दोन-तीन आठवडे नुसतं चालणं, ते पुढे आणि मी मागे. एके दिवशी माझ्या बुटाची नाडी सुटली तर ते गुडघ्यावर बसले, दोन वेढे देऊन बांधली, उरलेली टोकं आत खोचली आणि म्हणाले, "लोंबती नाडी झुडपात अडकते, आमचा एक जण असाच पडला होता." मी विचारलं, कोण? खाली उतरेपर्यंत ते बोलत होते.

तुमच्या घरी असं काही घडलं असेल तर लिहा ना. जमलं नसेल तर तेही लिहा.

*

आमच्याकडे मासेमारी. ह्यांना गर्दीत बसवतच नाही, कुठेही गेलं की आधी दार कुठंय ते बघणार. तळ्याकाठी मात्र पाठीशी झाडी, समोर पाणी, कोण येतंय ते लांबून दिसतं, त्यामुळे खांदे हळूहळू सैल पडतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि समोर बसून विचारलं की त्यांना चौकशी वाटते, पण शेजारी बसून दोघं पाण्यावरच्या बुचाकडे बघत असलो की आपणहून बोलतात. अमेरिकेत २००५ साली वॉल्टर रीड लष्करी इस्पितळातल्या जखमी सैनिकांसाठी प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स सुरू झालं, तिथे फ्लाय फिशिंग शिकवतात, दोऱ्या-पिसांची आमिषं स्वतः बांधायलाही शिकवतात. हाताला बारीक काम असलं की डोकं शांत राहतं, हे मला अगदी पटतं.

*

मी स्वतः माजी सैनिक. आमचा पहिला कॅम्प पार फसला. रात्री वारा सुटला, टेंटचं कापड फडफडलं आणि मी झोपेतच ओरडत बाहेर पळालो, मुलगा घाबरून रडायला लागला. सहा महिने परत नाव काढलं नाही. दुसऱ्यांदा दिवसाउजेडी परत यायचं ठरवलं, वाट आधी बघून घेतली आणि नकाशा मुलाच्या हातात दिला. फौजेत हुकूम द्यायची सवय, घरीही माझं तेच चालू होतं. त्या दिवशी तो दोनदा चुकला, मी तोंड घट्ट मिटून मागे चालत राहिलो, तिसऱ्या वळणावर त्याला आपोआप वाट सापडली आणि त्याने वळून माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही.

*

माझा भाऊ एकटाच डोंगरात जायचा आणि आम्हाला राग यायचा, घरचे नकोत का याला? मग अर्ल शॅफरबद्दल वाचलं. दुसऱ्या महायुद्धात तो पॅसिफिकमध्ये होता, लहानपणचा मित्र इवो जिमाच्या लढाईत मारला गेला. दोघांनी मिळून अ‍ॅपालाचियन ट्रेल ही अमेरिकेतली लांबलचक डोंगरवाट चालायचं ठरवलेलं. १९४८ मध्ये हा एकटाच निघाला, अंगात भिनलेलं युद्ध चालून चालून उतरवायला, आणि १२४ दिवसांत जॉर्जियापासून मेनपर्यंत पोचला. १९९८ मध्ये ७९ व्या वर्षी परत तीच वाट चालला! तेव्हा समजलं की काहींना आधी एकट्यानेच जावं लागतं. भाऊ दीड वर्षाने म्हणाला, चल.

*

एक कळकळीचं सांगणं, डोंगर म्हणजे औषध नव्हे, गोळ्या आणि डॉक्टर सोडू नका. आणि शेकोटीभोवती बसवून लढाईचे किस्से सांगायला लावू नका. आमच्या बाबतीत एका आयोजकाने हेच केलं, हे त्याच रात्री उठून निघून आले.

*

आमच्याकडे परत येणारं कोणी नाही. तरी लिहितेय. ह्यांच्या युनिटमधले एक जण मुलाला कयाकमध्ये घेऊन गेले, दोघांची होडी, मुलगा मागे बसलेला. ती सारखी गोल फिरत होती, तर ते हसून म्हणाले, "तुझे बाबाही डावीकडेच जास्त जोर लावायचे." रात्री अंथरुणात पोरगं विचारत होतं, बाबांचं असं अजून कोणाकोणाला माहीत असेल गं? मी फोन लावलेत. पुढच्या महिन्यात आणखी दोघं येतायत.