ताट उचलायचे पाच रुपये?

विश्रामबागकर: आमच्या फ्रिजवर रेटकार्ड लावलंय. जेवलेलं ताट उचललं ५ रुपये, अंथरूण काढलं १०, कार पुसली ५०. मुलगा सातवीत आहे, आता पैशाची किंमत कळायला लागलीय. ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांनी पोरांना कष्ट असेच शिकवावेत.

तासगावची सून: सकाळी हे वाचलं तेव्हापासून डोकं फिरलंय. स्वतःचं खरकटं उचलायचे पैसे? मग उद्या आजीला पाणी द्यायचे किती? आमची द्राक्षाची बाग आहे, बेदाण्याचं शेड आहे, कशाला कमी नाही, पण मार्च-एप्रिलात माल रॅकवर वाळत असतो, पंधरा दिवस जीव टांगणीला, आणि आभाळ भरून आलं की माझी दोन्ही पोरं हातातलं टाकून शेडचे प्लॅस्टिकचे कागद खाली सोडायला पळतात, कारण माल भिजला की काळा पडतो आणि मग घरात काय होतं ते त्यांनी बघितलंय. रेट विचारत नाहीत.

विश्रामबागकर: ताई, तुमच्याकडं शेड आहे. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पोरानं कुठले कागद सोडायचे?

माहुलीकर: कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, राबायची. १९४७ चं शिवाजी कॉलेज पण कमवा आणि शिका वरच. माझे वडील असेच शेतात राबून शिकले, हेडमास्तर झाले.

कोयनाकाठ: दादा, अण्णांबद्दल आदरच आहे, पण ती पोरं गरज होती म्हणून राबली. इथं ज्याला गरजच नाही त्याचं चाललंय. आणि रेटकार्ड राहू दे, आधी दहावीतल्या पोरांच्या गाड्या काढून घ्या. क्लास सुटला की साताऱ्यात पोवई नाक्यावर बघा, ट्रिपल सीट, लायसन्स एकाकडं नाही. २०१९ च्या कायद्यानं पालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत जेल आहे, तरी बाप चावी देतो.

मिरजेची आई: माझी मुलगी सोळाची आहे, देते मी चावी. क्लास रात्री साडेआठला सुटतो, रिक्षा मिळत नाही. तुम्ही येणार का आणायला?

कोयनाकाठ: सोळाला ५० सीसीपर्यंतच चालते.

मिरजेची आई: शोरूममध्ये ५० सीसीची दाखवा मला!

माहुलीकर: २५ च्या स्पीडची इलेक्ट्रिक घ्या, लायसन्स लागत नाही. नाहीतर सायकल.

मिरजेची आई: रात्री एकट्या पोरीनं सायकल? घरात बसून बोलायला काय जातंय.

कोयनाकाठ: माझ्या भाच्याला सतराव्या वाढदिवसाला बुलेट दिली होती, जबाबदारी येईल म्हणून. अजून पायात रॉड आहे.

मिरजेची आई: वाईट वाटलं वाचून. बघते इलेक्ट्रिकचं. पण क्लासवाल्यांना वेळ बदला असं कुणीच म्हणत नाही, सगळं आईवर.

तासगावची सून: विश्रामबागकर, फ्लॅटमध्ये पण काम असतं. दुधाचा हिशोब, लाईटबिल, गॅसचा नंबर लावणं पोराकडं द्या. विसरला तर विसरू द्या, एक दिवस बिनचहाचे बसा सगळे. आणि मुलगी असती तर तिला दिले असते का ५ रुपये?

विश्रामबागकर: मुलगी आहे, नववीत. ती न सांगता करते म्हणून तिचं नाव कार्डावर नाही.

तासगावची सून: न सांगता करत नाही ओ. तिला लहानपणापासून सांगितलंय, त्याला नाही सांगितलं.

विश्रामबागकर: ताटाचे ५ काढतो. दोघांची पाळी लावतो. कारचे ५० मात्र राहणार, ते पैसे मी बाहेर देतच होतो.