नोगुक राणीची समाधी: खरंच उधळपट्टी होती का?

(तिघांची चर्चा; शिलालेख, पूर्वरंग आणि कोनशिला ही त्यांची टोपणनावं.)

शिलालेख: कोरियातल्या जुन्या गोर्यो राज्याचा राजा गोंगमिन याने राणीच्या समाधीपायी राज्य बुडवलं, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते साफ चुकीचं वाटतं. नोगुक ही मंगोल राजकन्या, मूळ नाव बुदाशिरी, म्हणजे आपली बुद्धश्रीच. लग्न 1349 मध्ये, मृत्यू 1365 मध्ये बाळंतपणात. राजधानी केसाँगजवळचं समाधीचं काम 1372 पर्यंत चाललं, पण तिथे समाध्या दोन आहेत. पूर्वेची तिची, पश्चिमेची राजाने स्वतःसाठी हयातीतच बांधून घेतलेली. सगळा खर्च तिच्या नावावर का टाकायचा?

पूर्वरंग: समाधी बाजूला ठेवा, चित्रमंदिराचं बोला. राणीची तसबीर ठेवायला दालन बांधलं, त्यात 3000 भिक्षू मावत नाहीत म्हणून माआम या ठिकाणी नव्याने काम काढलं. विरोध करणारा मंत्री यू ताक कैदेत गेला. राजमातेलाही ते नको होतं. आणि वेळ कुठली? 1361 मध्ये चीनमधल्या लाल पगडीवाल्या बंडखोरांनी राजधानी घेतली होती, किनाऱ्यावर जपानी चाचे लूट करत होते. वेठीला धरलेली माणसं शेतं टाकून आली होती.

शिलालेख: चित्रमंदिराबद्दल मान्य. मात्र ही हकीकत ज्या 'गोर्योसा' या गोर्योच्या इतिहासग्रंथात आहे, तो 1451 मध्ये पुढच्या जोसन घराण्याच्या दरबारात पुरा झाला. आधीचं राज्य नासलेलं दाखवण्यात त्यांचा फायदा होता. त्याच जोसनने समाधीची रचना मात्र उचलली: उतारावर चौथरे, घुमटाभोवती दगडी वाघ आणि मेंढ्या, पुढे मुलकी अधिकाऱ्यांचे पुतळे, खालच्या पायरीवर सेनानींचे. जोसनचा पहिला राजा थेजो याची 1408 ची समाधी बघा.

कोनशिला: बांधकामाचं सांगतो. राजाची दफनाची खोली साधारण 3 मीटर चौरस, छत तीन ग्रॅनाइट शिळांचं. खोली रुंद केली असती तर शिळाही तेवढ्या लांब लागल्या असत्या. ग्रॅनाइट दाब सोसतो, वाक सोसत नाही, मधोमध तडकतो. दोघांच्या खोल्या वेगळ्या आहेत आणि राजाच्या खोलीच्या पूर्वेच्या भिंतीत, तिच्या बाजूला, एक छिद्र. आत्म्याच्या येण्याजाण्याची वाट. याला उधळपट्टी म्हणवत नाही.

पूर्वरंग: छिद्राला पैसे लागले नाहीत, हे खरं. 1363 मध्ये मारेकरी आले तेव्हा राजा लपला होता त्या खोलीच्या दाराशी ती बसून राहिली, हेही खरं. परक्या घरून आलेल्या बाईने एवढं केलं, तिचा मान ठेवायलाच हवा. पण ते ऋण राजाचं होतं. माआमला तुळया चढवणारे वेठबिगार तिचं काय देणं लागत होते?