जर्मनीत पोळ्यांसाठी कोणते पीठ घ्यावे? मदत हवी आहे

नमस्कार. चार महिन्यांपासून आम्ही जर्मनीतील एका लहान गावात राहत असून, पोळ्यांसाठी योग्य पीठ मिळवणे ही माझी रोजची अडचण होऊन बसली आहे. येथे गव्हाच्या पिठाच्या पुड्यांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितका कोंड्याचा अंश अधिक. ४०५ च्या पोळ्या मैद्यासारख्या चिवट होतात, तर १०५० ची पोळी लाटतानाच कडेला चिरते. भारतीय किराणा दुकान दूरच्या शहरात आहे आणि सवड मिळते त्या रविवारी दुकाने बंद असतात. पुढील महिन्यात सासूबाई येत आहेत, त्यांना मऊ पोळीच चावता येते. कोणती पिठे कोणत्या प्रमाणात मिसळावीत आणि कणीक किती वेळ मुरू द्यावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.