रात्री बोटे बधिर होतात. हात रुळला की थांबेल का?

प्रश्न
मांसप्रक्रिया कारखान्यात मी कोंबडीचे मांस हाडापासून सोडवण्याच्या लाईनवर काम करतो. अलीकडे रात्री उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होऊन जाग येते. हात झटकल्यावर बरे वाटते, पण सकाळी सुरीची मूठ नीट आवळता येत नाही. सुपरवायझर म्हणतात की नवीन माणसाला हे होतेच, हात रुळला की थांबते. हे खरे मानावे का?

उत्तर १
मानू नये. करंगळी सोडून अंगठ्याकडची बोटे रात्री बधिर होणे, हे मनगटातील मज्जातंतूवर दाब आल्याचे, म्हणजेच कार्पल टनेल सिंड्रोमचे नेहमीचे लक्षण आहे. निदान मात्र डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. घट्ट मूठ, वाकलेले मनगट, गार हवा आणि शिफ्टभर तीच ती हालचाल हे सारे तुमच्या कामात एकत्र आले आहे. दुखणे अंगावर काढले, तर अंगठ्याच्या बुडाचा स्नायू सुकू लागतो आणि ते नुकसान पुढे भरून येईलच असे नाही.

उत्तर २
आधी सुरी पाहा. बोथट सुरीला जोर जास्त लागतो आणि जोरात निसटलेली सुरी थेट दुसऱ्या हातावर येते. त्या हातात साखळीचा मोजा हवाच, पण तो चिरा अडवतो, सुरीचे टोक अडवेलच असे नाही. धारदार सुरी वेळेवर मिळत नसेल, तर दोष व्यवस्थापनाचा आहे. कामाची जागा आलटूनपालटून देणे हाही उपाय आहे. मात्र नव्या जागीही मनगटच राबत असेल, तर तो बदल केवळ कागदावरचा.

उत्तर ३
तक्रार तारखेसह लेखी द्या आणि सहकाऱ्यांनाही विचारा. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, ऑस्टिन येथील डुकरांच्या कत्तलखान्यातील कामगारांना २००७ च्या सुमारास पायांत मुंग्या व अशक्तपणा जाणवू लागला, तेव्हा अनेकांची लक्षणे सारखीच आहेत हे रुग्णांसाठी काम करणाऱ्या दुभाष्याच्या लक्षात आले. तेथे डुकराच्या कवटीतून मेंदू दाबाच्या हवेने काढत असत; हवेत उडालेले त्याचे कण शरीरात गेल्याने कामगारांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच मज्जातंतूंवर उलटली होती. पुढे ती पद्धत बंद करण्यात आली.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. शेजारच्या दोघींनाही रात्री असाच त्रास होतो, असे आज विचारल्यावर कळले. तिघांचा अर्ज एकत्र द्यावा की वेगवेगळा?

उत्तर ३
वेगवेगळे द्या, पण एकाच दिवशी, आणि प्रत्येकाच्या प्रतीवर पोच घ्या.