एमओटी पास म्हणजे गाडी ठणठणीत नव्हे

समजा, तुम्ही ब्रिटनमध्ये जुनी गाडी घ्यायला निघालाय आणि विक्रेता सांगतोय, 'दोनच महिन्यांपूर्वी एमओटी पास झालीय, डोळे झाकून घ्या'. एमओटी म्हणजे तिथली गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी. इतक्यात हो म्हणू नका. त्या चाचणीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची अवस्था तपासतच नाहीत. माझ्या पहिल्या गाडीचा क्लच एमओटीनंतर ३ आठवड्यांत गेला, आणि भांडायला तोंडही नव्हतं!

ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की जुन्या चाचण्यांचे निकाल फुकट दिसतात. पास-नापासपेक्षा त्यातल्या 'ॲडव्हायझरी' वाचा, म्हणजे गाडी नापास होण्याइतके गंभीर नसलेल्या, पण लक्ष ठेवावं अशा दोषांचे शेरे. ब्रेक पाइपला गंज चढतोय, हाच शेरा लागोपाठ ३ वर्षं दिसला तर समजा, मालकाने गाडीकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. गाडी एकूण किती मैल धावली, हा दरवर्षी नोंदलेला आकडाही लावून बघा. मध्येच तो घटला आणि विक्रेत्याला कारण सांगता आलं नाही, तर काढता पाय घ्या.

गाडीवरचं थकीत कर्ज मात्र तिथे कळत नाही. त्यासाठी थोडे पाउंड मोजून वेगळी चौकशी करावी लागते. ते पैसे वाचवू नका.

आणि बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या. तुम्ही पोचायच्या आधीच कुणी गरम करून ठेवलं असेल, तर बॉनेटला हात लावला की कळतं.