सात आठवडे झाले, बाळाचे ठोके दिसले नाहीत. मदत हवी आहे

रात्रपाळी: काल सोनोग्राफी केली. रिपोर्ट: सॅक (गर्भाची पिशवी) ११ मिमी, योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी) आहे, फीटल पोल (म्हणजे गर्भ) नाही. तारखेप्रमाणे ७ आठवडे २ दिवस. डॉक्टर म्हणाल्या, दोन आठवड्यांनी या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली! दोन आठवडे काढू कसे? कुणाचं असं होऊन पुढे नीट झालंय का? लवकर सांगा.

मोगरा_७: पोटावरून केली की आतून (योनीमार्गातून)?

बाळूकाका: आमच्या आईला सहा मुलं, एकदाही मशीन लागलं नाही. पपई टाळा.

मोगरा_७: काका, पपई कुठून आली इथे?

हेमांगी: एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात तो) चुकवू नकोस हं. ११ ते १३ आठवडे ६ दिवस एवढाच वेळ असतो. माझं बाळ पालथं होतं, दोनदा जिने चढायला लावले.

रात्रपाळी: अहो, तिथवर पोचले तर ना! पोटावरून केली.

शेंगदाणा: पाळी किती दिवसांनी येते?

रात्रपाळी: ३८-४०. पीसीओडी (अंडाशयाचा त्रास) आहे. त्याचा काय संबंध?

शेंगदाणा: सगळा संबंध तोच. (मी रोज हेच स्कॅन करते.) तारखेचा हिशोब २८ दिवसांच्या पाळीवर असतो. तुझं बीज दहा-बारा दिवस उशिरा सुटलं असणार, म्हणजे खरे पावणेसहा आठवडे. ११ मिमीची सॅक त्याला जुळते. योक सॅक आधी दिसते, गर्भ आणि ठोके साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास, तेही आतून केलं तर. पोटावरून अजून उशिरा. सॅक २५ मिमी होऊनही गर्भ नाही, किंवा गर्भ ७ मिमीचा होऊनही ठोके नाहीत, तेव्हाच एका स्कॅनवरून ‘गर्भ वाढत नाही’ असं नक्की म्हणतात. तू दोन्हींपासून लांब आहेस. पण सगळं ठीकच आहे असंही मी इथून सांगणार नाही.

फडताळ: दोन आठवडे कशाला थांबायचं? ४८ तासांच्या अंतराने बीटा एचसीजी (गर्भाच्या हार्मोनची रक्ततपासणी) करा. मी पाच वेळा केली.

शेंगदाणा: योक सॅक गर्भाशयात दिसली, म्हणजे गर्भ नळीत नाही हे जवळजवळ कळलंच. आता आकडे मोजून सुया टोचण्यापलीकडे काय हाती लागणार?

फडताळ: माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उगाच नाही!

शेंगदाणा: सॅक दिसायच्या आधी सांगितलं असेल.

फडताळ: …हो, आधी.

जास्वंद: सेंटरवर आधार कार्ड आणि तो भलामोठा फॉर्म कशाला घेतात? मला चोरासारखं वाटलं.

मोगरा_७: फॉर्म एफ. गर्भलिंग तपासणीविरोधी १९९४ चा कायदा. वेगळा धागा काढ बाई.

शेंगदाणा: रात्रपाळी, पुढचं स्कॅन आतून करायला सांग. बाळाला अपाय होत नाही. दरम्यान जास्त रक्तस्राव, पोटात जोराची कळ किंवा चक्कर आली तर तारखेची वाट बघू नकोस, सरळ जा.

रात्रपाळी: कालपासून कुणी पाळीचं विचारलंच नाही मला! बरं, १३ दिवस उरलेत. काका, घरात पपई नाहीये.

बाळूकाका: अननसही नको.